बर्फ पडलाच नाही तर? मुंबईहून आडवाटेच्या स्की उतारांकडे निघताना

हिमाचलातल्या नारकंड्याला मी पहिल्यांदा गेले तेव्हा चार दिवस बर्फाचा पत्ता नव्हता. उतारावर वाळलेलं पिवळं गवत, देवदाराच्या सावलीत जुन्या बर्फाचे मळके तुकडे, आणि आम्ही अकरा जण भाड्याचे बूट चढवून गच्चीवर गुडघे वाकवण्याचा सराव करत होतो. पाचव्या रात्री बर्फ पडला. सहाव्या आणि सातव्या दिवशी स्कीइंग झालं. सातांतले दोनच दिवस, तरीही माझ्या सगळ्या हिवाळी सहलींत ती मी सर्वांत वर ठेवते.

कारण त्या चार दिवसांत मी हाटू शिखरापर्यंत चालत गेले, साधारण ३,४०० मीटर उंचीवरचं लाकडी देऊळ पाहिलं, आणि एका सफरचंदाच्या बागेत दुपारभर बसले. हिवाळ्यात तिथे झाडांची छाटणी चालते. बागेच्या मालकीणबाई कात्री चालवता चालवता सांगत होत्या, की झाडाला थंडी पोटभर मिळावी लागते. सात अंशांखालचे ठरावीक तास भरले नाहीत तर वसंतात फुलोरा नीट येत नाही. पडलेला बर्फ हळूहळू वितळतो, त्याने जमिनीत ओल टिकते. आम्ही बर्फाची वाट बघत होतो ती दोन दिवस घसरायला मिळावं म्हणून. त्या वाट बघत होत्या वर्षभराच्या पिकासाठी. पाचव्या रात्री पत्र्यावरचा पावसाचा आवाज थांबून एकदम शांत झालं, तेव्हा सगळं गाव जागं होतं.

तेव्हापासून जागा निवडताना मी पहिला प्रश्न हाच विचारते: बर्फ पडलाच नाही तर तिथे मी काय करेन? याचं चांगलं उत्तर असेल तरच तिकीट काढायचं. पूर्वी हा प्रश्न कदाचित दुय्यम होता, आता नाही. बोलिव्हियातलं चाकाल्ताया एके काळी जगातलं सर्वांत उंच स्की केंद्र होतं, ५,३०० मीटरच्या आसपास. तिथली हिमनदी २००९पर्यंत संपून गेली. आपल्याकडे कुफ्रीच्या उतारांवर पूर्वी स्कीइंग जोरात चालायचं, आज तिथे बर्फ बेभरवशाचा झाला आहे. उत्तराखंडातल्या औलीतही बर्फाअभावी स्पर्धा रद्द झाल्या आहेत.

मी मध्य रेल्वेत तिकीट खिडकीवर आहे, परळच्या क्वार्टर्समध्ये राहते. वय ४९, पहिल्यांदा स्की पायात घातली ४१व्या वर्षी. म्हणजे आठ हिवाळे. मी काही तरबेज नाही, पण मुंबईच्या दमट हवेत वाढलेल्या, चाळिशी ओलांडलेल्या, सुट्ट्या मोजून घेणाऱ्या माणसाने हे कसं करावं ते मला आता बऱ्यापैकी कळलं आहे. ऑफिसातल्या तिघीचौघींनी विचारलं, "ताई, आम्ही जाऊ का गं?" त्यांना जे सांगितलं तेच इथे नीट लिहिते.

आधी पाय तयार करा, मग तिकिटं. किमान आठ आठवडे हवेत. जिना चढण्यापेक्षा उतरणं महत्त्वाचं, कारण स्कीइंगमध्ये मांडीचा पुढचा स्नायू सतत भार धरून असतो. आमच्या इमारतीचे चार मजले मी रोज सकाळी दहा वेळा सावकाश उतरते, कठड्याला हात न लावता. भिंतीला पाठ टेकवून, खुर्चीवर बसल्यासारखं गुडघे वाकवून थांबायचं. सुरुवातीला वीस सेकंद, नंतर दीड मिनिटापर्यंत. रविवारी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीच्या पायऱ्या. गर्दी नसलेल्या वेळी लोकलमध्ये डब्याच्या आत, दारापासून लांब उभं राहून, कडी न धरता तोल सांभाळायचा. गाडी सांधे बदलते तेव्हा कंबरेखालचं अंग आपोआप जे करतं तेच पुढे उतारावर कामाला येतं. जवळ इनलाइन स्केटिंग शिकवणारं मैदान असेल तर महिनाभर तिथे जा. वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेणं तिथे शिकलात तर बर्फावरचे दोन दिवस वाचतात.

सह्याद्रीत भटकणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना, कारण मी स्वतः त्यात अडकले होते. घसाऱ्यावरून उतरताना आपण काय करतो? अंग मागे टाकतो, टाच रोवतो, फारच झालं तर बसून उतरतो. वर्षानुवर्षं हेच अंगात मुरलेलं असतं. स्कीवर नेमकं हेच घात करतं. वजन मागे गेलं की स्कीचं पुढचं टोक हलकं होतं, वळत नाही, आणि वेग वाढत जातो. नडगी बुटाच्या पुढच्या जिभेवर टेकलेली राहिली पाहिजे, म्हणजे मन ज्या दरीपासून मागे ओढतं तिच्याकडेच झुकायचं. नारकंड्याचे आमचे प्रशिक्षक दिवसातून पन्नास वेळा ओरडायचे, "दीदी, डर लगे तो आगे झुको!" हे वाक्य मी क्वार्टरच्या आरशावर चिकटवून ठेवलं आहे.

सामान भाड्याने घ्या. पहिली तीन वर्षं तरी स्की विकत घेऊ नका, मुंबईत ती ठेवायला जागा कुठे आहे? स्वतःचं घ्यायचं ते एवढंच: गॉगल, जलरोधक हातमोज्यांच्या दोन जोड्या, गुडघ्यापर्यंतचे पातळ लोकरी मोजे. अंगात सुती काही नको, घामाने ओलं झालेलं सुती कापड तिथे अंग गोठवतं. जीन्स तर अजिबात नको. आत लोकरीचा किंवा सिंथेटिक थर, मध्ये फ्लीस, वर पाणी आणि वारा अडवणारं जाकीट. ऊन खालून, बर्फावरूनही लागतं. सनस्क्रीन नाकाच्या खालच्या बाजूलाही लावा.

बुटांबद्दल जरा जास्त लिहिते. स्की-बुटाचं माप पावलाच्या लांबीवर असतं, सेंटीमीटरमध्ये. घरी संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, भिंतीला टाच लावून मोजा. पाऊल २४ सेंटीमीटर तर बूट २४चा. एका ठिकाणी दुकानदाराने मला "आराम मिलेगा" म्हणत दोन मापं मोठे बूट दिले, मीही घेतले. तिसऱ्या दिवशी अंगठ्याचं नख काळं पडलं आणि सहल तिथेच संपली. पाय आत सरकत असेल तर स्की तुमचं ऐकतच नाही. बूट घट्टच हवा. सरळ उभं राहिल्यावर बोटं समोर हलकी टेकावीत, गुडघे वाकवल्यावर मागे सुटावीत. दुकानातच दहा मिनिटं घालून फिरा. बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या बाइंडिंगवर वजन, उंची, वय आणि अनुभव पाहून आकडा लावतात, पडल्यावर स्की पायातून सुटते ती त्यामुळे. वजन खरं सांगा. लाजून पाच किलो कमी सांगितलं तर स्की नको तेव्हा सुटेल, वाढवून सांगितलं तर हवी तेव्हा सुटणार नाही, आणि मग गुडघा जातो.

आता जागा.

नारकंडा शिमल्यापासून साठेक किलोमीटर, हिंदुस्तान-तिबेट रस्त्यावर, २,७०० मीटर उंचीवर. मी रेल्वेने कालक्यापर्यंत जाते आणि पुढे छोटी गाडी. १९०३ची लाइन, ९६ किलोमीटर, शंभरावर बोगदे, २००८पासून युनेस्कोच्या वारसा यादीत. वेळ लागतो, पण या सावकाश चढण्याचा फायदा शरीराला होतो. शिमल्यात २,२०० मीटरवर एक रात्र काढा, मग वर जा. समुद्रसपाटीवरून थेट २,५०० मीटरच्या वर झोपायला गेलं की डोकेदुखी, मळमळ सुरू होऊ शकते. पहिला दिवस पाणी प्यायचा आणि संथ चालायचा. दुखणं वाढत गेलं तर खाली उतरायचं, तिथे हट्ट नको.

इथला धोमरीचा उतार छोटा. लिफ्टच्या भरवशावर जाऊ नका. आम्ही स्की खांद्यावर टाकून किंवा आडवी पावलं टाकत वर चढायचो आणि खाली यायचो. दिवसाला दहाबारा फेऱ्या, बस. पण आडवी पावलं टाकत चढताना स्कीच्या कडेने बर्फ कसा धरायचा ते पायाला कळतं, जे लिफ्टवर बसून कधीच कळत नाही. नवशिक्याला लांब उतार लागत नाही, एकच छोटा उतार शंभर वेळा लागतो. शिवाय जवळच कोटगढ-थानाधार. सॅम्युअल स्टोक्स नावाच्या अमेरिकन माणसाने शंभर वर्षांपूर्वी तिथे सफरचंदाच्या बागा उभ्या केल्या, तिथेच संसार केला, पुढे सत्यानंद झाला. बर्फ नसलेला एक दिवस तिथेच घालवा.

औली आता आडवाटेचं राहिलेलं नाही, पण नवशिक्याला तिथे गढवाल मंडल विकास निगमचे सात आणि चौदा दिवसांचे कोर्स मिळतात, आणि समोर ७,८१६ मीटरचं नंदादेवी. बर्फ नसला तरी त्या शिखराकडे बघत दिवस जातो. जाण्याआधी एक लक्षात असू द्या. जानेवारी २०२३मध्ये औलीच्या पायथ्याच्या जोशीमठची जमीन खचली, घरांना भेगा पडल्या, रोपवे बंद झाला. तिथे राहणाऱ्यांशी बोलताना "काय मस्त गाव" एवढंच बोलू नका. खोली भाड्याने घ्या, जेवण गावातच जेवा, आणि त्यांना बोलायचं असेल तर ऐका.

गुलमर्गबद्दल थोडक्यातच. ते जगाला माहीत आहे. गंडोलाचा, म्हणजे बंद डब्यांच्या रोपवेचा, दुसरा टप्पा ३,९०० मीटरच्या वर नेतो, आणि तिथून खालचा बराचसा भाग आखलेला उतार नाही, उघडा डोंगर आहे. पहिल्या दोन वर्षांत तिथे वर जाऊ नका. खालचे सपाट उतार मात्र शिकायला उत्तम. पोस्टपेड सिम घेऊन जा, बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड तिथे चालत नाही. २०२२च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताकडून एकटा खेळाडू होता, आरिफ खान, तो याच डोंगरांवर शिकला. त्याने जायंट स्लॅलम या स्की शर्यतीत ४५वा क्रमांक मिळवला तो दिवस मी ड्युटीवर होते, आणि विंडोच्या मागे आम्ही सगळ्यांनी पेढे वाटले होते.

मला खरा ओढा आहे तो हिमाचलातल्या लाहौलचा. ऑक्टोबर २०२०मध्ये ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला, तोवर रोहतांगची खिंड बर्फाने मिटली की हिवाळाभर ही दरी तुटलेली असायची. आता मनालीहून सिस्सू, कोकसरला तासा-दीड तासात पोहोचता येतं, रस्ता उघडा असला तर. बोगद्याच्या अलीकडे रिमझिम आणि पलीकडे कोरडा, भुसभुशीत बर्फ असं मी एकाच सकाळी पाहिलं आहे. तिथे लिफ्ट नाही. चढायचं आणि उतरायचं. स्कीच्या तळाला पट्ट्या चिकटवतात, ज्यांची लव एका दिशेने घसरते आणि उलट दिशेने अडते, मांजराच्या पाठीवर हात फिरवल्यासारखी. त्याने चढ चढता येतो. हे शिकायला मनालीच्या अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्थेचा सोलंगमधला कोर्स आधी करा. याच परिसरातल्या बुरुआ गावच्या आंचल ठाकुरने २०१८मध्ये तुर्कस्तानात कांस्य जिंकलं, स्कीइंगमधलं भारताचं पहिलं आंतरराष्ट्रीय पदक. एक गोष्ट आवर्जून पाळा: जानेवारी-फेब्रुवारीत लाहौलमध्ये हालडा, फागली हे सण असतात, आणि काही गावं त्या दिवसांत बाहेरच्यांना येऊ देत नाहीत. देवाचा काळ आहे, आवाज नको, अशी त्यांची श्रद्धा. आधी फोन करून विचारा, नाही म्हणाले तर तारखा बदला. आपल्या कोकणात गावपळणीच्या वेळी कोणी हॉटेल मागायला आला तर आपल्याला कसं वाटेल?

उत्तरकाशीतलं दयारा बुग्याल ट्रेकवाल्यांना माहीत असतंच. बार्सू किंवा रैथलहून चढ. हिवाळ्यात हेच कुरण सौम्य उतारांचं मोठं मैदान होतं. लिफ्ट नाही, दुकान नाही, स्की पाठीवर घेऊनच वर जायचं. ओळखीच्या स्थानिक वाटाड्याशिवाय नाही, आणि ताजा बर्फ पडल्यावर चोवीस तास तर नाहीच. हिमस्खलन बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतं, म्हणजे नेमका जो उतार पाहून स्कीवाल्याला मोह होतो त्यावरच. तुम्ही उभे आहात तो उतार सपाट असला तरी वरचा कोणता आहे ते पाहा. बर्फाखाली गाडलं गेलेल्या माणसाकडे पंधरा-वीस मिनिटं असतात, मदत शहरातून येईपर्यंत काही उरत नाही. म्हणून सोबतच्या प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठाव लावणारं रेडिओ यंत्र), फावडं आणि शोधकाठी, आणि ती वापरण्याचा सराव हवा. चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण खात्याची संस्था हिमस्खलनाचे इशारे देते. ते रोज सकाळी बघा.

ज्यांना थंडीचीच धास्ती आहे त्यांनी सुरुवात दुबईत करावी. मी भाच्याला घेऊन गेले होते. मुंबईहून तीन तास. २००५पासून तिथल्या मॉलमध्ये बंदिस्त उतार आहे, सर्वांत लांब वाट ४०० मीटरची, तापमान शून्याच्या जरा खाली. बर्फ खोटा नाही, बनवलेला आहे. दोन दिवस शिक्षकाबरोबर थांबणं आणि वळणं शिका, म्हणजे हिमालयातले महागडे दिवस पडण्या-उठण्यात जाणार नाहीत. तिथे डोंगर मात्र भेटणार नाही.

परदेशात मला सर्वांत जास्त दिलं ते मध्य आशियाने. कझाकस्तानातलं अल्माटी हे शहरच डोंगराच्या पायथ्याशी. १२ नंबरची सिटी बस १,६९१ मीटरवरच्या मेदेऊच्या स्केटिंग रिंगणापर्यंत जाते, तिथून गंडोला शिम्बुलाकच्या स्की केंद्राला, २,२०० मीटरवरून ३,२०० मीटरपर्यंत. बसमध्ये भाजीच्या पिशव्या घेतलेल्या आजी आणि खांद्यावर स्की टाकलेली शाळकरी मुलं एकत्र उभी. मला दादर-वरळीच्या बसची आठवण आली, आणि परक्या देशात आल्याची भीती तिथेच गेली. भारतीयांना कझाकस्तानात १४ दिवस व्हिसा लागत नाही, तरी निघण्याआधी नियम पुन्हा तपासा.

तिथून पुढे किर्गिझस्तानातलं काराकोल. जवळची केगेनची सीमा हिवाळ्यात बंद असते, म्हणून बिश्केकवरून वळसा घालावा लागतो, रस्त्याने पूर्ण दिवस. ई-व्हिसा आधी काढा. स्की केंद्र गावापासून सातेक किलोमीटरवर, सोव्हिएत काळात खेळाडूंच्या सरावासाठी होतं. वरून इस्सिक-कुल तलाव दिसतो. आजूबाजूला सगळं पांढरं आणि मध्ये हा निळा, कधीच न गोठणारा. बर्फ नसेल त्या दिवशी गावातली लाकडी मशीद बघा, चीनमधून आलेल्या दुंगान मुसलमानांनी १९१०मध्ये बांधलेली, तिचं छप्पर देवळासारखं वळलेलं. त्यांचं अशलान-फू बाजारात मिळतं: थंड, आंबट, तिखट रश्श्यातल्या शेवया. शाकाहारी असाल तर रस्सा कशाचा ते विचारून घ्या. मी दोन वाट्या खाल्ल्या.

त्याच देशात दक्षिणेला अर्स्लानबोब आहे, अक्रोडाच्या प्रचंड नैसर्गिक जंगलातलं गाव. तिथे गावकरीच घरात उतरवतात आणि स्कीवर जंगलातून वर नेतात. निवृत्तीनंतरचा पहिला हिवाळा मी त्यासाठी राखून ठेवला आहे.

जून-जुलैत सुट्टी मिळणाऱ्यांसाठी आफ्रिकेतला लेसोथो. पूर्ण देशच १,००० मीटरच्या वर असलेला जगातला एकमेव. मालुती पर्वतात ३,००० मीटरच्या वर अफ्रिस्की नावाचं छोटं केंद्र आहे, बराचसा बर्फ यंत्राने बनवलेला, मुख्य उतार किलोमीटरभराचा. आपल्याकडे पाऊस कोसळत असतो तेव्हा तिथे हिवाळा. माझा मावसभाऊ जोहान्सबर्गला असतो, तो तिथल्या घोंगड्या पांघरलेल्या घोडेस्वारांचं वर्णन करताना थकत नाही. वाट दक्षिण आफ्रिकेतून जाते, म्हणून व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा घ्या, नाहीतर परतताना सीमेवर अडकाल.

आणि कधी कोपनहेगनला जाणं झालंच, तर कचरा जाळून वीज आणि उष्णता तयार करणाऱ्या कारखान्याच्या छपरावर २०१९पासून कृत्रिम हिरव्या पृष्ठभागाचा स्की उतार आहे. साधारण ८५ मीटर उंच. देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराशेजारून गाडीने जाताना मला दर वेळी तो उतार आठवतो आणि आपल्या शहरासाठी जीव तुटतो.

कोर्सचे अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरपासून बघायला लागा, डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. विमा काढताना साहसी खेळ त्यात धरले आहेत का, आणि किती उंचीपर्यंत, हे लेखी विचारा. साध्या प्रवास विम्यात ते बहुधा नसतं. तारखा ठरवताना मागेपुढे दोन दिवस मोकळे ठेवा, डोंगरातला रस्ता बर्फाने बंद झाला तर रजा वाढवायला लागू नये म्हणून. आणि उतारावर शेवटची फेरी तीनच्या आधी संपवा. तोपर्यंत मांड्या थकलेल्या असतात, ऊन उतरलं की मऊ झालेला बर्फ पुन्हा कडक होतो. माझं एकदा मनगट दुखावलं ते अशाच "फक्त एक शेवटची" फेरीत, साडेतीन वाजता. बूट काढल्यावर आतला मऊ भाग बाहेर काढून शेगडीजवळ सुकत ठेवा, पण हातभर लांब. फार जवळ ठेवला तर आकसतो, आणि सकाळी पाय आत जात नाही.